स्वतःचं व्यक्तिचित्र: आरसा, मोजमाप आणि न आवडणारा चेहरा

स्वतःचं व्यक्तिचित्र काढायला बसणारे पुष्कळजण दोन-तीन चित्रांनंतर थांबतात. हात कच्चा असणं हे त्याचं एक कारण असतं, पण मोठं कारण वेगळं आहे. चित्र काढताना नजर चेहऱ्यापेक्षा चेहऱ्याबद्दलच्या जुन्या मतावर जास्त असते. ‘माझं नाक फार मोठं’ असं मनाशी धरून बसलेला माणूस नाक एक तर खरंच मोठं काढतो, नाही तर नकळत तासून लहान करतो. दोन्ही वेळा साम्य जातं आणि चित्र बघून वाटणारी नाराजी आणखी वाढते. म्हणून इथे चेहऱ्यावर प्रेम करा असं सांगितलेलं नाही, चेहरा मोजा असं सांगितलं आहे. नीट मोजून काढलेल्या पंधरा-वीस चित्रांनंतर आपल्या चेहऱ्याकडे बघण्यातला ताण बराच उतरतो, पण तो आधी उतरवून मग चित्राला बसू म्हटलं तर बसणं होतच नाही.

फोटोपेक्षा आरसा का

फोन हातात धरून काढलेल्या सेल्फीवरून चित्र करू नका. साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याला जवळ आणि कान लांब पडतात. दीड मीटरवरच्या फोटोच्या मानाने नाकाचा तळ त्यात जवळपास ३० टक्के रुंद दिसतो. आपल्या नाकाविषयीच्या कितीतरी तक्रारी इथूनच सुरू झालेल्या असतात. आरशात असं होत नाही. आरशापासून ७० सेंटिमीटरवर बसलात, तर प्रतिमा तुमच्यापासून १४० सेंटिमीटरवर असते, म्हणजे समोरचा माणूस जेवढ्या अंतरावरून तुमच्याशी बोलतो साधारण तेवढ्यावर. व्यक्तिचित्राला हेच अंतर चांगलं.

आरसा फार मोठा लागत नाही. आरशाच्या काचेवर तुमच्या डोक्याची बाह्यरेषा प्रत्यक्षाच्या बरोबर अर्धी पडते, तुम्ही जवळ बसा की लांब. एक डोळा मिटून काचेवर मार्करने डोक्याचा वरचा बिंदू आणि हनुवटी यांच्या खुणा करा. डोकं २२ सेंटिमीटर उंच असेल तर खुणांमधलं अंतर ११ भरेल. त्यामुळे ३० बाय ४० सेंटिमीटरच्या आरशात डोकं आणि खांदे आरामात मावतात. आरसा काचेचाच घ्या. प्लास्टिकचा पत्रा थोडा जरी वाकला तरी जबडा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो, आणि तुम्ही तो आपला दोष समजून इमानेइतबारे रेखाटत बसता.

आरशात डावं-उजवं उलटतं. डच चित्रकार व्हॅन गॉगच्या १८८९ सालच्या पट्टी बांधलेल्या चित्रात जखम उजव्या कानाला दिसते, प्रत्यक्षात त्याने डावा कान कापला होता. चित्राच्या दृष्टीने यात बिघडत काही नाही, पण एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आपला आरशातला चेहरा आपल्या सवयीचा असतो आणि फोटोतला सवयीचा नसतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात लोकांनी स्वतःचा उलटा, म्हणजे आरशासारखा फोटो पसंत केला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सुलटा. फोटोत ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटतं त्याचा मोठा भाग या सवयीतून येतो. इतरांना दिसतो तसाच चेहरा हवा असेल तर दोन आरसे कडेला कड लावून ९० अंशांत उभे करा आणि सांध्यासमोर बसा. कोन जरा जरी चुकला तर नाकाच्या मधोमध चेहरा तुटतो किंवा अरुंद होतो, म्हणून आधी गुण्या लावून तपासा.

बैठक आणि उजेड

आरसा अगदी उभा ठेवा. वर किंवा खाली कलला की हनुवटी मोठी किंवा कपाळ मोठं दिसू लागतं. आरशाचा मध्य डोळ्यांच्या उंचीला यावा. उजव्या हाताने काढत असाल तर आरसा बोर्डाच्या डाव्या बाजूला ठेवा, डावरे असाल तर उलट. बोर्ड आणि आरसा इतके जवळ असावेत की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना फक्त बुबुळं हलावीत, मान हलू नये. मान हलली की दर वेळी वेगळा कोन दिसतो, आणि चित्रात एक डोळा समोरून काढलेला, दुसरा किंचित बाजूने काढलेला असा घोळ होतो. नवशिक्यांच्या चित्रात डोळे ‘जुळत नाहीत’ ते बऱ्याचदा यामुळे.

स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर मास्किंग टेप लावा. आरशावर मधोमध एक काळा दोरा उभा आणि एक आडवा चिकटवा. उठून परत बसल्यावर एक डोळा मिटून नाकाचा शेंडा त्याच फुलीवर आणला की मघाचीच जागा सापडते.

दिवा एकच हवा, चेहऱ्याच्या एका बाजूला, ४५ अंश वर, मीटर-सव्वा मीटरवर. ९ ते १२ वॅटचा, ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर छापलेलं असतं) एलईडी पुरेसा आहे. कागदावर पडणारा दुसरा मंद दिवा पुठ्ठ्याने अडवा, नाही तर तोही चेहऱ्यावर पडून सावल्या खातो. छतावरच्या दिव्याच्या थेट खाली बसून काढणं टाळा. त्यात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, डोळ्यांखालच्या पिशव्या दुप्पट दिसतात आणि बघणारा स्वतःला आजारी समजतो. त्या उजेडात कोणीही तसंच दिसेल.

साहित्य थोडकं ठेवा. ए-३ आकाराचा १५० ते २०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) राखाडी किंवा तपकिरी कागद, विलो चारकोलच्या, म्हणजे विलो झाडाच्या काड्यांच्या कोळशाच्या, दोन जाडीच्या कांड्या, एक चारकोल पेन्सिल, पांढरा खडू, मळून आकार देता येणारं खोडरबर आणि मोजायला विणकामाची सरळ सुई. डोकं १६ ते १८ सेंटिमीटर उंच काढा. प्रत्यक्षाहून मोठं काढायला गेलं की नवशिक्याच्या हातून डोळे-ओठ फुगतात आणि डोक्याचा घेर तसाच राहतो.

पहिलं चित्र, दोन तासांत

एकूण दोन तास धरा, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठणं या हिशोबाने. पहिली पाच मिनिटं कागदाला हात लावू नका. डोळे बारीक करून चेहऱ्यावर उजेडाचा एक आकार आणि सावलीचा एक आकार शोधा.

मग कागदावर डोक्याचा सर्वांत वरचा बिंदू आणि हनुवटीचा तळ या दोन खुणा करा. वरचा बिंदू म्हणजे केसांसकट. डोक्याचा कल दाखवणारी मधली रेषा काढा आणि रुंदी मोजून टाका. समोरून बघताना ती उंचीच्या साधारण दोन तृतीयांश असते, पण तुमची किती ते सुईवर अंगठा सरकवून मोजा. हात कोपरात न वाकवता ताठ ठेवायचा आणि एक डोळा मिटायचा, एवढी शिस्त पाळली नाही तर मापं फसवतात.

डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येते. जवळजवळ प्रत्येकजण ती वर काढतो, कारण कपाळ आणि केस यांत ‘बघण्यासारखं’ काही नसल्याने मन तो भाग गाळतं. परिणामी कवटी चपटी होते, खालचा चेहरा लांबतो आणि ‘मी असा घोड्यासारखा दिसतो का’ असा प्रश्न उभा राहतो. आधी ही एक रेषा तपासा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं. ओठांमधली रेषा नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात वरून एक तृतीयांशावर येते. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्यामध्ये बसतात, पण मान खाली झुकली की वर सरकतात. ही प्रमाणं फक्त तपासायला आहेत. तुमचा चेहरा त्यांच्यापासून जिथे वेगळा निघतो तिथेच साम्य असतं, म्हणून तो फरक पुसू नका, लिहून ठेवा.

आता चारकोल आडवा धरून सगळी सावली एकाच मध्यम गडद छटेत भरा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाची सावली आणि मान एकमेकांत मिसळली तरी चालेल. या टप्प्यावर चित्रात डोळे नसले तरी माणूस ओळखू आला पाहिजे. नाही आला, तर पापण्या काढून तो येणार नाही. मागे जाऊन सावलीचे आकार दुरुस्त करा.

डोळे-नाक-ओठ सर्वांत शेवटी. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीच्या सावलीत तो राखाडीच असतो. तिथे कागद कोरा सोडला की डोळे वटारल्यासारखे दिसतात. खालच्या पापणीला जाडी असते आणि तिच्यावर बारीक उजेड पडतो. सुरकुत्या रेषेने काढू नका. सुरकुती म्हणजे छोटी घडी, तिला एक उजेडाची बाजू आणि एक सावलीची बाजू असते. नुसती काळी रेघ मारली की वय पंधरा वर्षांनी वाढतं. चष्मा रोज लावत असाल तर लावूनच काढा. उणे नंबराच्या काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली असते, ती तशीच दाखवली की चष्मा खरा वाटतो.

चेहऱ्यावरचा भाव हा वेगळा प्रश्न आहे. एकटक बघताना भुवया आवळतात, जबडा घट्ट होतो आणि चित्रातला माणूस रागीट होतो. तो राग नाही, ती एकाग्रता आहे. दर दोन-तीन मिनिटांनी डोळे मिटा, जबडा सैल सोडा आणि ओठ दमण्याआधी, म्हणजे दुसऱ्या बैठकीतच, ओठांची जागा पक्की करा.

न आवडणारा भाग

मुख्य काम इथे आहे, त्याला वेळ द्या.

वेगळ्या कागदावर चेहऱ्याबद्दलच्या तक्रारी लिहून काढा. नाक मोठं, दात पुढे, एक डोळा बारीक, डोळ्यांखाली काळं, हनुवटी दुहेरी. आता प्रत्येक तक्रारीसमोर फक्त आकाराची भाषा वापरून वाक्य लिहा. ‘नाक मोठं’ याऐवजी ‘नाकपुड्यांची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराहून थोडी जास्त, उजवी नाकपुडी डावीपेक्षा जराशी वर’. ‘डोळ्यांखाली काळं’ याऐवजी ‘खालच्या पापणीपासून गालाच्या हाडापर्यंत चंद्रकोरीसारखा भाग, गालापेक्षा एक छटा गडद, आतल्या कोपऱ्याशी निळसर’. ज्या वाक्याचं असं रूपांतर होतच नाही, उदाहरणार्थ ‘मी बावळट दिसते’, त्याला काट मारा. त्यातून काढण्यासारखं काही हाती लागत नाही. बहुधा ते कुणाचं तरी कधीकाळी ऐकलेलं वाक्य असतं.

मग त्या एकाच भागाची स्वतंत्र अभ्यासचित्रं करा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, प्रत्येकी पंधरा मिनिटं, एका भागाची किमान सहा: समोरून, दोन्ही बाजूंनी पाऊण वळून, वर बघताना, खाली बघताना, आणि एक फक्त सावलीच्या आकाराचं. नाकाच्या तळाचं प्रतल कुठे संपतं, नाकपुडीची पाकळी गालाला कुठे मिळते, हे शोधताना चौथ्या-पाचव्या चित्रापर्यंत ‘मोठं’ हा शब्द आपोआप गळतो, कारण हाताला त्याचा उपयोग नसतो. व्रण, तीळ, कोडाचे डाग यांनाही हीच रीत. तीळ अंदाजाने ठेवू नका. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि ओठाचा कोपरा या दोन बिंदूंपासून त्याची अंतरं मोजा. डागाची कड कुठे तीक्ष्ण आणि कुठे विरघळलेली आहे ते बघा. व्रण ही रेघ नसते, त्यावरची कातडी वेगळी चमकते, म्हणून बऱ्याचदा त्याला खोडरबराने उचललेला उजेड लागतो.

काही चुका ठरलेल्या असतात. न आवडणारा भाग केसांच्या बटेत, हाताआड किंवा काळ्या सावलीत लपवला जातो. डोळे दहा टक्के मोठे होतात. दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात, आणि खरा चेहरा कधीच दोन्ही बाजूंनी सारखा नसल्यामुळे चित्र अनोळखी दिसतं. उलट टोकाची चूक म्हणजे स्वतःला मुद्दाम कुरूप काढणं. त्याला धीटपणा समजू नये, कारण तेही मोजमाप टाळणंच आहे. तपासायला चित्र उलटं करून ठेवा, चेहऱ्याचा फोटो दीड-दोन मीटरवरून त्याच उजेडात काढून आडवा उलटवा, आणि तीनच मापं ताडून बघा: डोळ्यांची रेषा, नाकाची रुंदी, जबड्याची रुंदी. तिन्ही मापांत चूक एकाच दिशेने झुकत असेल, तर तिथे मत हात चालवतंय.

मेक्सिकन चित्रकार फ्रिदा काहलोची चित्रं या कामासाठी बघावीत. १९२५ च्या बस अपघातानंतर ती अंथरुणाला खिळली तेव्हा पलंगाच्या छतात तिच्यासाठी आरसा बसवला होता. जुळलेल्या भुवया आणि ओठांवरची लव ती चित्रामागून चित्रात तितक्याच काळजीने रंगवत राहिली. पूर्ण देहाचं चित्र करायचं असेल तर अमेरिकन चित्रकार अ‍ॅलिस नीलने १९८० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी पूर्ण केलेलं स्वतःचं नग्नचित्र पाहा. सुटलेलं पोट, लोंबलेले स्तन, हातात कुंचला, आणि कुठेही माफी मागितल्यासारखी रेषा नाही.

कातडीचा रंग

रंगात काम करताना सावळ्या किंवा काळ्या कातडीची माणसं स्वतःला एक-दोन छटा उजळ रंगवतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. यामागे मनाचा भाग आहेच, पण तांत्रिक कारणंही आहेत आणि ती आधी दूर करता येतात. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही गडद रंग असतो त्याहून गडद भासतो, म्हणून हात घाबरून पांढरा मिसळतो. त्यासाठी कॅनव्हासला आधी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ हात द्या आणि पॅलेटही पांढरी न घेता राखाडी किंवा लाकडी घ्या.

गव्हाळ ते गडद तपकिरी कातडीसाठी यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि टायटॅनियम व्हाइट हे सहा रंग पुरतात. मधली छटा सिएना आणि ऑकर यांची, त्यात चिमूटभर अल्ट्रामरीन. सावली अंबर, अलिझरिन आणि अल्ट्रामरीनची. काळा रंग वापरला की ती मेल्यासारखी होते. उजेडाकडे जाताना आधी ऑकर वाढवा, पांढरा सर्वांत शेवटी आणि अगदी थोडा. टायटॅनियम व्हाइट थंड आणि फार झाकणारा आहे. तो जास्त झाला की कातडीला राख फासल्यासारखी कळा येते, आणि नवशिके ती घालवायला लाल ओततात. गडद कातडीवरचा चकाकीचा ठिपका दिव्याचा रंग घेतो. खिडकीच्या उजेडात तो निळसर असतो, आणि तो नेमका बसला की बाकीचा चेहरा उजळवायची गरज उरत नाही.

मिश्रण तपासायला रंग कागदाच्या पट्टीवर लावून, वाळवून, ती पट्टी गालाशेजारी त्याच दिव्यात धरा आणि आरशात बघा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, जलरंग फिका पडतो, म्हणून ओल्या रंगावर निकाल देऊ नका. रंग थेट कातडीला लावू नका, काही रंगद्रव्यं विषारी असतात. कपाळ, गाल आणि हनुवटी यांचा रंग एक नसतो. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, दाढीचा भाग राखाडीकडे झुकलेला. तिन्हीसाठी वेगवेगळे ढीग मिसळून मगच सुरुवात करा.

सोळा चित्रांची मालिका

एका चित्राने काही ठरत नाही. आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, आठ आठवडे. कागद, आकार, दिवा, अंतर तेच. कोन बदलत राहा, पण दर चौथं चित्र अगदी समोरून काढा. मागे तारीख, वेळ आणि तीन मापं लिहा. मनःस्थिती लिहावीशी वाटली तर एका शब्दात. काढून झालं की चित्र उपडं करून ठेवा. फाडायचं नाही आणि आठ आठवडे बघायचंही नाही. लगेच बघितलं की पुढच्या चित्रात माणूस मागच्या चित्राची भरपाई करायला लागतो.

शेवटी सोळाही भिंतीवर एकत्र लावा. डोळे प्रत्येक चित्रात वर गेले असतील तर ती हाताची सवय आहे, पुढच्या वेळी मोजून मोडता येते. एकदा रागीट, एकदा थकलेला, एकदा तरुण असं जे बदलत राहिलं, ते उजेड आणि दिवस यांचं आहे. या दोन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरतं ते तुमच्या चेहऱ्याचं, आणि ते तुमच्या तक्रारींच्या यादीपेक्षा बरंच वेगळं निघतं. यादी शेजारी लावून खात्री करा. डच चित्रकार रेम्ब्राँची स्वतःची सुमारे चाळीस रंगचित्रं आणि तीसेक एचिंग्ज (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) अशी शेजारी ठेवून बघता येतात. १६३० च्या एचिंगमध्ये तो डोळे विस्फारून, तोंड उघडून हावभावांचा सराव करतो आहे, तर १६६९ सालच्या, मृत्यूच्या वर्षातल्या चित्रात थुलथुलीत गाल आणि सुजलेल्या पापण्या शांतपणे रंगवल्या आहेत. फिनिश चित्रकार हेलेने शेर्फबेकची १९४४-४५ ची चित्रंही पाहा. ऐंशी ओलांडलेली ही चित्रकार त्यांत एकेक तपशील वगळत चेहरा जवळपास कवटीपर्यंत आणते.

चित्र कुणाला दाखवलं तर ‘कशी दिसते?’ असं विचारू नका, उत्तर चित्राबद्दल मिळत नाही. ‘उजेड कुठून येतोय असं वाटतं?’ किंवा ‘आधी नजर कुठे जाते?’ असं विचारा.

एक इशारा गंभीरपणे. चित्र संपल्यावरही तासन्‌तास आरशापुढून हलता येत नसेल, एखाद्या अवयवाचा विचार दिवसभर सुटत नसेल, त्यापायी लोकांत जाणं टळत असेल, तर आरसा झाका आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सेल्फ पोर्ट्रेट हा त्यातला उपचार नव्हे. त्या काळात हात थांबवू नये असं वाटलं तर स्वतःचे हात, पाय, वापरातले बूट काढा.

चारकोलची चित्रं ठेवण्याआधी खिडक्या उघडून, ३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचे (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून फवारायच्या द्रवाचे) दोन हलके हात द्या. एकच जाड हात दिला तर छटा गडद होतात आणि पांढरा खडू जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून खडूचे उजेड फिक्सेटिव्ह वाळल्यावर पुन्हा लावा. प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती सपाट ठेवा. फोल्डरवर आरशाचं अंतर, दिव्याची उंची आणि त्याचे केल्विन लिहून ठेवा. वर्षाने दुसरी मालिका करताना मांडणी तीच असेल, तरच चित्रांतला फरक चेहऱ्याचा की दिव्याचा हे कळेल.